आधी संपव, मग बोल?

"संपवलास का? नाही ना? मग मत कसलं देतोस?"

कॉलेजच्या ग्रुपवर मला हा सवाल आला. मी तेव्हा 'ड्रेज' नावाचा गेम खेळत होतो. साधारण नऊ तास झाले होते. काय आवडलं, काय खटकलं, कुठे अडकलोय, अशा आठ-दहा ओळी मी ग्रुपवर लिहिल्या, तर हे उत्तर. ज्याने ते दिलं त्याच्याशी माझं काही वैर नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षं आम्ही एकाच कंट्रोलरसाठी भांडलोय. पण गेम खेळणाऱ्यांमधला एक अलिखित नियमच तो बोलून गेला. गेम पूर्ण केलेल्याने बोलावं, अर्धवट खेळलेल्याने गप्प बसावं. हा नियम मला साफ नामंजूर आहे. आपल्या घराघरांत गेम खेळले जातात, पण त्याबद्दल मराठीत धड दोन वाक्यं बोलली जात नाहीत, याचं एक मोठं कारण हा नियम आहे असं माझं म्हणणं आहे.

आधी साधा प्रश्न. गेम 'संपवणं' म्हणजे नक्की काय?

बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया कोणी संपवलाय? माइनक्राफ्ट? फोनवरचे क्रिकेटचे गेम? यांना शेवटच नाही. 'हिटमॅन २' घ्या. २०१८ साली आलेल्या या गेममध्ये मुंबईची एक आख्खी लेव्हल आहे, आणि तिच्यातल्या तीन सावजांपैकी एक दाऊद रंगन नावाचा फिल्म प्रोड्यूसर आहे. ती लेव्हल सरळ गेलात तर काही मिनिटांत उरकते. पण वेगवेगळ्या वेषांत, वेगवेगळ्या मार्गांनी ती पुन्हा पुन्हा खेळावी म्हणूनच बनवलेली आहे. एकदा खेळलो म्हणजे संपली का? मग तिच्यातली मुंबईची गर्दी इंग्रजीत बोलते, हे मला पहिल्या पाच मिनिटांत खटकलं, ते सांगायला मी किती वेळा खेळून यावं?

दुसरं, संपवणं कोणाला परवडतं? साठ-सत्तर तासांचा गेम संपवायला स्वतःची खोली लागते, कन्सोल किंवा बरा पीसी लागतो, आणि मुख्य म्हणजे कोणी हाक न मारणारे तास लागतात. माझी बहीण अंधेरीला नोकरी करते. मढ-वर्सोवा फेरीची वाट बघताना आणि रात्री सगळं आवरल्यावर मिळून तिला जेमतेम अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात ती फोनवर 'स्टारड्यू व्हॅली' खेळते. गावात शेती करायची, गावकऱ्यांशी ओळखी वाढवायच्या, असा तो गेम. एकदा ती म्हणाली, "आठवड्याला दोन भेटवस्तू दिल्या की माणूस आपला होतो. इतकं सोपं असतं तर आपल्या गल्लीत भांडणं कशाला झाली असती?" त्या गेमवर मी बरीच परीक्षणं वाचलीत, त्यातल्या कित्येकांपेक्षा हे वाक्य नेमकं आहे. मी म्हटलं, हे लिही ना कुठेतरी. तर म्हणते, "मला काय कळतं गेममधलं? तू खेळतोस ते खरे गेम."

'आधी संपव, मग बोल' या नियमाने गप्प झालेलं माणूस म्हणजे ती. ज्यांच्याकडे वेळ आहे तेच बोलत राहतात. बाकीचे खेळतात आणि "मला काय कळतं" म्हणून विषय सोडून देतात.

आता ड्रेजबद्दल. हा न्यूझीलंडच्या ब्लॅक सॉल्ट गेम्स या छोट्या स्टुडिओचा गेम, २०२३ साली आलेला. तुम्ही एक मच्छीमार असता. तुमची होडी एका बेटापाशी फुटते. तिथला महापौर दुसरी होडी देतो, पण उधारीवर. मासे धरायचे, विकायचे, उधारी फेडायची. दिवसा सगळं शांत. रात्र झाली की समुद्रात भलतंसलतं दिसायला लागतं आणि जाळ्यात विचित्र, बिघडलेल्या अंगाचे मासे येऊ लागतात.

मी मढचा. मालाड स्टेशनहून २७१ नंबरच्या बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत या, खारवलेल्या मासळीचा वास आला की आमचं गाव आलं. बाहेरच्यांना मढ माहीत असतं ते किल्ल्यामुळे आणि शूटिंगच्या बंगल्यांमुळे. पण आमच्याकडे डोलीची मासेमारी चालते. भरती-ओहोटीच्या ओढीत पिशवीसारखं मोठं जाळं रोवायचं, पाण्याबरोबर बोंबील, जवळा आत येतो. माझे मोठे काका, आम्ही त्यांना नाना म्हणतो, चाळीस वर्षं हेच करतायत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. २०२५च्या जुलैत, जाळी दुरुस्त करून कंटाळलेले नाना माझ्या शेजारी येऊन बसले. माझं वर्क फ्रॉम होम संपलं होतं आणि स्क्रीनवर ड्रेज चालू होता.

पाच मिनिटं त्यांनी नुसतं पाहिलं. मग प्रश्न सुरू झाले.

"डिझेल कुठं भरतोस?"

डिझेल नाही, नाना. ह्या गेममध्ये इंधनच लागत नाही.

"मग काय, राजा आहेस तू. आणि पाण्याला ओढ नाय दिसत. भरती-सुकती?"

तीही नाही. पुढे मी दुपारपर्यंत फिरत राहिलो आणि होडीतली मासळी शिळी झाली. नाना लगेच, "बर्फ नाय घेतलास?" माझ्याकडे नव्हता. मग मी महापौराच्या उधारीचं सांगितलं. नाना म्हणाले, "म्हणजे दलालाचा पैसा." मी म्हटलं, ती तर सुरुवातीलाच फिटली. त्यावर ते जे हसले ते मला अजून ऐकू येतंय. "एवढ्यात फिटली? मग हा गेमच आहे रे बाला."

पण सगळंच त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. होडीतल्या चौकटींत वेगवेगळ्या आकारांचे मासे बसवावे लागतात, ते त्यांना पटलं. "जागा लावता आली पायजे, नायतर अर्धा माल फुकट." रात्री धुक्यात माझ्या माणसाची भीती वाढायला लागली तेव्हा ते पुढे सरकून बसले. "रात्री एकट्यानं जायचं नाय, एवढं ह्यांनी बरोबर दाखवलंय." आणि तो बिघडलेला मासा पाहून म्हणाले, "आमच्या डोलीत आता प्लास्टिक किती येतं, ते बघ. ह्याच्यापेक्षा वाईट दिसतं."

शेवटी विचारलं, "पुढं काय होतं?"

मला माहीत नव्हतं. आणि म्हणूनच आम्ही दोघं अजून अर्धा तास बसलो.

आता सांगा, या माणसाने गेम किती खेळला? शून्य मिनिटं. बघितला किती? तासभर. पण मासेमारीच्या गेममध्ये डिझेल नाही, भरती नाही आणि कर्ज चुटकीसरशी फिटतं, हे माझ्या नऊ तासांत माझ्याच लक्षात आलं नव्हतं. ज्या तीन गोष्टींनी कोळ्याचं आयुष्य ठरतं, त्याच तीन गोष्टी गेमने मजेसाठी बाजूला काढल्यात. ही तक्रार नाही, गेमला ते करावंच लागत असेल. पण हे कोणीतरी म्हणायला हवं होतं. मी शेवटाची वाट बघत गप्प बसलो असतो तर नानांना फक्त निकाल सांगितला असता, "चांगला होता, दहापैकी आठ." त्यावर नाना काय बोलणार होते?

नियमवाल्यांचा मुद्दा मी मुद्दाम हलका करणार नाही. अर्धवट मत चुकू शकतं. काही गेम शेवटच्या तासात सगळं उलटंपालटं करतात. आधी संथ वाटलेला भाग नंतर अर्थपूर्ण वाटतो. शिवाय अर्धवट बोलणारा पुढच्या माणसाचा रसभंग करू शकतो. हे सगळं मान्य. रसभंग करू नये, ती साधी सभ्यता आहे.

पण चुकणं हा गुन्हा कधीपासून झाला? कसोटी सामन्यात आपण पहिल्या सत्रापासून कॅप्टनला नावं ठेवतो. पाचव्या दिवशी तोंडावर पडतो, तरी पुढच्या कसोटीला पुन्हा सुरू. आमच्या घरात आत्या रोज रात्री मालिकेच्या भागावर निकाल देते आणि दुसऱ्या दिवशी फिरवते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली. तिच्या वाचकांसमोर कित्येक महिने अर्धवटच गोष्ट होती. त्यांनी काय, यमूबद्दल शेवटच्या प्रकरणापर्यंत काही वाटूनच घेतलं नसेल? पुढे काय होणार हे ठाऊक नसताना बोलणं आपल्याला नवं नाही. फक्त गेमच्या बाबतीतच आपण एकदम न्यायमूर्ती होतो.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात वापरणाऱ्याने "इथे अडकलो" म्हटलं की ते लगेच नोंदवायचं असतं. आख्खं अ‍ॅप वापरून झाल्यावर त्याला ती अडचण आठवतही नाही, तोवर तो सरावलेला असतो. गेमचंही तसंच. तिसऱ्या तासाला जे जाचक वाटतं ते तिसाव्या तासाला अंगवळणी पडलेलं असतं. शेवटी लिहिणारा माणूस सरावलेला असतो, त्यामुळे त्याला सगळं दिसतंच असं नाही.

दुकानदारालाही हे कळतं. स्टीमवर विकत घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत करता येतो. म्हणजे दोन तासांत मत बनू शकतं हे तिथे मान्य आहे. तिथल्या प्रत्येक परीक्षणासोबत लिहिणाऱ्याने किती तास खेळलं तेही दिसतं. मला एवढंच हवंय. मत द्या, पण किती तासांचं आहे ते सांगून द्या. उद्या बदललं तर तेही सांगा.

अशा बोलण्याने काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे 'सायबरपंक २०७७'. १० डिसेंबर २०२०ला तो बाजारात आला. आधीची परीक्षणं पीसीवरच्या आवृत्तीवर बेतलेली होती. जुन्या कन्सोलवर खेळणाऱ्यांना मात्र गेम धड चालतच नाही हे पहिल्याच दिवशी दिसलं. त्यांनी संपवायची वाट पाहिली नाही, लगेच बोलले, व्हिडिओ टाकले. त्याच महिन्यात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि पैसे परत करायला सुरुवात केली. उलटं उदाहरण 'नो मॅन्स स्काय'चं. २०१६ला आला तेव्हा लोकांनी तो धुऊन काढला, आणि पुढे वर्षानुवर्षं फुकट अपडेट मिळत तो इतका बदलला की २०१६चं 'संपवून दिलेलं' मत आज जुनं झालंय. संपवणाऱ्याचं मतही शेवटी एका तारखेचंच मत असतं.

हे सगळं ग्रुपवरच्या भांडणापुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. आपण गप्प बसतो तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही. तिथे पैसे घेऊन स्तुती करणारे येतात, किंवा भीती येते. २ सप्टेंबर २०२०ला पबजी मोबाइलसह ११८ अ‍ॅप्सवर बंदी आली. कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षेचं. पण आमच्या गल्लीत सगळ्यांची समजूत एकच, पोरं बिघडत होती म्हणून सरकारने बंद केलं. खरं कारण काय, गेममध्ये असतं काय, हे घरात सांगणारं कोणी नव्हतं. खेळणारे आम्हीच होतो आणि आम्हीच मान खाली घालून बसलो होतो.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमना बंदी, ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता. पुढच्याच आठवड्यात गणपती. आरतीनंतर सगळे जमले आणि विषय निघाला. आई काळजीने म्हणाली, "तुझं ते रात्रीचं खेळणं पण जुगारातच येतं का रे? उगाच पोलीस-बिलीस." मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "नाय गं, त्याच्यात पैसे नाय लावत. मासे धरतो तो. डिझेल नाय, भरती नाय, आरामात धरतो." सगळे हसले आणि विषय पुढे सरकला.

आईला तो फरक कायद्याने समजावला नाही, बातम्यांनीही नाही. जुलैत एका दुपारी अर्धवट गेमवर झालेल्या गप्पांमुळे नानांना तो सांगता आला. कोण कशात पैसे लावतंय, कोण नुसतं खेळतंय, कोणाला त्रास होतोय, हे घरातल्यांना कळायला आपण खेळता खेळता बोललेलं असावं लागतं. गल्लीतला एखादा मुलगा खरोखरच पैसे हरत असेल, तर तो 'संपवून' कधीच सांगायला येणार नाही. त्याचा गेम संपतच नाही.

ग्रुपवर मी शेवटी उत्तर दिलं, "नाही संपवला. नऊ तास झालेत. डिझेल लागत नाही हे तुझ्या लक्षात आलं होतं का?" त्याने ड्रेज दोनदा संपवलाय. बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं. मग म्हणाला, "नाही रे."

तर मग तुमचं सांगा. आत्ता काय खेळताय? कुठवर आलात? काय खटकतंय? संपवायची वाट बघू नका. आणि शेजारी कोणी बसलं असेल तर त्यालाही विचारा.