बंद गल्ल्यांचे पुणे

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. या विस्ताराची चर्चा पाणी, कचरा आणि मिळकतकर यांभोवतीच फिरत राहिली, परंतु त्या गावांबरोबर तुटक रस्त्यांची जी रचना शहराच्या पदरात पडली, तिचा हिशेब फारसा कोणी मांडलेला नाही.

रस्त्यांच्या जाळ्याची सलगता मोजण्याची साधी रीत म्हणजे एका ठिकाणी किती वाटा येऊन मिळतात हे मोजणे. चार मिळत असतील तर तो चौक; एकच असेल तर ते गल्लीचे बंद टोक. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या संशोधकांनी अशा मोजमापांच्या आधारे २०२० मध्ये दाखवले की, जगभर नव्या वस्त्यांचे रस्ते उत्तरोत्तर अधिक तुटक होत चालले आहेत. अमेरिकेत मात्र हा कल १९९४ च्या सुमारास ओसरू लागला होता.

पुण्यातही हा फरक दिसतो. जुन्या पेठांतील रस्ते अरुंद म्हणून त्यांना नावे ठेवली जातात, पण विसर्जन मिरवणुकीने लक्ष्मी रस्ता अडला तरी माणूस बोळाबोळांतून इष्ट स्थळी पोचतो. उपनगरांत रुंदी आहे, वाट नाही: शेताचे तुकडे एकेक करून बिनशेती झाले, प्रत्येक गृहसंकुलाचा अंतर्गत रस्ता शेजाऱ्याच्या भिंतीपाशी थांबला, आणि धायरी-वडगावची सारी रहदारी सिंहगड रस्त्यावर येऊन पडली. तेथे उड्डाणपूल बांधणे म्हणजे घागर गळत असताना तोटी मोठी करणे होय.

यावरचा उपाय कायद्यात आधीपासूनच आहे. मालकांच्या जमिनी एकत्र करून, आधी रस्ते आखून, उरलेले भूखंड त्यांनाच परत देणाऱ्या पद्धतीस नगररचना योजना म्हणतात. मुंबई प्रांताच्या १९१५ च्या कायद्यात तिची तरतूद होती, महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातही ती आहे; अहमदाबादने ती नेटाने राबवली, तर महाराष्ट्राने मुख्य भिस्त विकास आराखड्यावर ठेवली. इमारत पन्नास वर्षांनी पाडता येते, पण सातबाऱ्यांच्या तुकड्यांवर एकदा पडलेली रस्त्याची आखणी बदलणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून शेजारच्या भूखंडाला रस्ता जोडल्याशिवाय रेखांकनास मंजुरी देऊ नये. सुरक्षिततेसाठी भिंत हवी, हा रहिवाशांचा आग्रह समजण्याजोगा आहे. मात्र अशा भिंतीत निदान पादचाऱ्यांपुरते एक दार तरी सक्तीचे करावे.