फिरत्या फलंदाजाचे चरित्र

परभणीच्याच एका सुविद्य भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांचा धाकटा दीर बारावीनंतर क्रिकेटखेरीज अन्य काही करावयाचे नाही, असा हट्ट धरून बसला आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, हा काही तेंडुलकर होणार नाही. आणि गंमत अशी की, हे मुलासही मान्य आहे! तेव्हा शिखर न गाठणाऱ्या पण खेळावरच जगणाऱ्या मनुष्याचे आयुष्य कसे असते, ते या सदरात सांगावे, अशी त्यांची सूचना आहे. सूचना मोठी मार्मिक आहे. आपल्याकडे चरित्रे लिहिली जातात ती गडावर पोहोचलेल्यांची. जे उभा जन्म घाटातच चालत राहिले त्यांची वार्ता सहसा कोणी घेत नाही.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो चेंडूफळीचा खेळ आहे, त्यात असल्या खेळाडूंचा एक वर्गच मानला जातो. मैदानाच्या पार कडेस डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे असे तिघे जण उंच गेलेले चेंडू झेलण्यास उभे असतात. त्यांतील एखादा या वर्षी एका शहराच्या संघात, तर पुढल्या वर्षी दुसऱ्याच्या. पुष्कळदा त्यास न विचारताच दोन संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करून मोकळे होतात. गावाशी बांधलेल्या बलुतेदाराहून ही जात निराळी. हा हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून काम मिळेल त्या गावी जाणारा फिरता कारागीर होय.

असा कारागीर महाराष्ट्रात शोधू गेल्यास मला भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर यांचे नाव प्रथम आठवते. १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापुरास त्यांचा जन्म झाला. १९३९-४० च्या हंगामापासून सुमारे पाव शतक ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले, ते कोणकोणत्या संघांकडून पाहा: महाराष्ट्र, बडोदा, होळकर, मध्यभारत, राजस्थान आणि रेल्वे. क्रम येथे गौण आहे. एकूण ८० सामने, ४,८४१ धावा, सरासरी ४७.९३, शतके १२. शिवाय गोलंदाजीत ५८ बळी. हे आकडे काही सामान्य नव्हेत. तरीही भारताकडून अधिकृत कसोटी सामना खेळण्याचा योग त्यांस एकदाही आला नाही.

त्यांचे नाव आज ज्या एका डावामुळे उरले आहे, तो डाव पुणे क्लबच्या मैदानावर डिसेंबर १९४८ मध्ये काठेवाड संघाविरुद्ध झाला. १६ तारखेस सामना सुरू झाला. काठेवाडच्या २३८ धावा झाल्या. मग महाराष्ट्राची फलंदाजी आली आणि कमल भांडारकर व निंबाळकर या जोडीने दुसऱ्या बळीसाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकर २०५ वर बाद झाले. निंबाळकर मात्र बाद होण्याचे नावच घेईनात. ४९४ मिनिटे, म्हणजे आठ तास चौदा मिनिटे, ते खेळपट्टीवर होते. त्यांत ४९ चौकार आणि एक षटकार. मास्तरकीची खोड जात नाही म्हणून हिशेब करून पाहिला: चौकार-षटकारांच्या २०२ धावा वजा जाता उरलेल्या २४१ त्यांनी पळून काढल्या, आणि जोडीदाराच्या धावांसाठी पळावे लागले ते वेगळेच.

तिसऱ्या दिवशी उपाहारासाठी खेळ थांबला तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांनी जानेवारी १९३० मध्ये सिडनी येथे क्वीन्सलंडविरुद्ध नाबाद ४५२ केल्या होत्या आणि तो तेव्हा जगाचा विक्रम होता. नऊ धावा केल्या की बरोबरी, दहा केल्या की विक्रम! परंतु काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो, असा पेच टाकला. दोन षटके तरी टाका, मग डाव सोडतो, अशी विनवणी महाराष्ट्राकडून झाली म्हणतात. पाहुण्यांनी मानले नाही. सामान बांधून ते मैदान सोडून गेले, आणि सामना तेथेच संपला.

ठाकोरसाहेबांस दोष देणे सोपे आहे, आणि माझ्या मते तो द्यावाच. यजमानाच्या अंगणातून ताटावरून उठून जाणे हे राजास शोभत नाही. परंतु तो काळही ध्यानात घ्यावा. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत काठेवाडातील संस्थाने एकत्र होऊन नवे राज्य झाले होते आणि राजकोटची गादी केवळ नावापुरती उरली होती. इकडे आपल्या परभणीस निजामाच्या अमलातून सुटून अवघे तीन महिने झाले होते. इंदूर मे १९४८ मध्येच मध्यभारतात गेले. मार्च १९४९ मध्ये कोल्हापूर आणि मे महिन्यात बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले.

निंबाळकरांच्या आयुष्याची खरी किल्ली येथे आहे, असे मला वाटते. कोल्हापुरात मल्लविद्येस जसा दरबाराचा आश्रय होता, तसा बडोदे, इंदूर येथे क्रिकेटास होता. खेळाडूस दरबारात वा फौजेत पद द्यावयाचे आणि त्याने संस्थानासाठी खेळावयाचे, अशी ती रीत. होळकरांच्या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत चार वेळा रणजी करंडक जिंकला, कर्नल सी. के. नायडूंची कर्नलकी होळकरांच्याच फौजेतली. पुढे आश्रयदाते गेले, तसे काही वर्षांत तो संघही लोपला. हुन्नर अंगात होता, पण दार ठोठावावे ते वाडेच एकामागून एक बंद होत गेले. अशा वेळी मनुष्य सहा संघांतून फिरला, तर त्यास चंचल म्हणणे अन्यायाचे होईल. अखेरीस रेल्वे हाच त्यांस संघ मिळाला. रेल्वेचा संघ रेल्वेच्या नोकरांचा. म्हणजे राजाची जागा सरकारी खात्याने घेतली, इतकेच.

कसोटीचे काय? येथे काकतालीय न्यायाचे विचित्र उदाहरण दिसते. त्याच हंगामात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता. दुसरी कसोटी १३ डिसेंबरला मुंबईस आटोपली होती आणि तिसरी ३१ तारखेस कलकत्त्यास लागायची होती. या दोहोंच्या मधोमध ४४३ धावांचा डाव पडला, तरी उरलेल्या तिन्ही कसोट्यांत निंबाळकरांचे नाव आले नाही. निवडणाऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे. काठेवाडची गोलंदाजी म्हणजे काही वेस्ट इंडीजची नव्हे. आणि त्या मालिकेत विजय हजारे व रुसी मोदी या दोघांनीही पाचशेंवर धावा केल्या. अमरनाथ, फडकर, अधिकारी होतेच. पंगत भरलेली होती, पाटच रिकामा नव्हता. पुढे १९४९-५० मध्ये राष्ट्रकुल संघाविरुद्ध एका अनधिकृत कसोटीत ते खेळले, आणि तो विषय तेथेच मिटला.

आता त्या भगिनींच्या दिराविषयी. मराठवाड्याचा मुलगा रणजीत खेळावयाचा तर महाराष्ट्राच्या, म्हणजे पुण्याच्या संघटनेतून. विदर्भास १९५७-५८ पासून स्वतःचा संघ आहे, आपणांस नाही. म्हणजे घर सोडणे आलेच, आणि एकत्र कुटुंबाने या प्रश्नाचा विचार पैशाच्या आधी करावा. पैशाची स्थिती मात्र पालटली आहे. २०२१ साली क्रिकेट मंडळाने ठरविलेल्या दरानुसार नवख्या रणजी खेळाडूस दिवसाला ४०,००० रुपये, चाळीसहून अधिक सामने खेळलेल्यास ६०,०००, आणि राखीव म्हणून बसणाऱ्यास त्याच्या निम्मे. चार दिवसांचे सात साखळी सामने धरले तरी नवख्याचे ११ लाखांवर होतात. अर्थात अकरांत जागा मिळाली तर! ती न मिळणाऱ्यांची गणती कोणी ठेवत नाही. नोकरीचा जुना मार्ग पुढील पिढीसही उपयोगी पडला. बीडचे संजय बांगर रेल्वेच्या संघातूनच पुढे आले आणि १२ कसोट्या खेळले. मुलास पदवी घेता घेता खेळू द्यावे आणि पुण्यास त्याच्या राहण्याजेवण्याची सोय प्रथम पाहावी, असे मी त्यांस कळविले आहे.

ब्रॅडमनचा विक्रम १९५९ मध्ये हनीफ महंमदने ४९९ धावा करून मोडला आणि हनीफचा १९९४ मध्ये लाराने नाबाद ५०१ करून. भारतीयाने प्रथम श्रेणीत केलेली सर्वोच्च धावसंख्या अद्यापि निंबाळकरांचीच आहे. मंडळाने उतारवयात त्यांस सी. के. नायडूंच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कारही दिला. ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरास ते वारले. दुसऱ्या दिवशी त्यांस ९३ वर्षे पुरी व्हावयाची होती.