कंफर्टला पाचापैकी साडेचार

परवा भाच्याचा फोन आला. नुकतंच लग्न झालंय, दोघांनाही फिरायची हौस आहे, दोघांचे पगार बरे आहेत, त्यामुळे आता 'मोठी' गाडी घ्यायचीय. स्पोर्ट टूरर. आधी हंपी, मग जमलं तर थेट कन्याकुमारी, अर्थात डबलसीट. "मामा, निंजा ११०० एसएक्स घेऊ की व्हर्सिस ६५०? सगळी कंपॅरिझन्स वाचून काढलीत मी. पाचापैकी साडेचार मिळालेत एकीला, कंफर्टमध्ये!"

हे साडेचार ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. त्याला फोनवर जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहितोय.

आधी हे मार्क कसे देतात ते बघा. परीक्षक पहाटे साडेपाचला निघतो. एकटा. सामान म्हणजे पाठीवरची एक सॅक. जुन्या हायवेने लोणावळ्याला जातो, दोन वळणांवर फोटो काढतो, मिसळ खातो आणि ऊन चढायच्या आत घरी. दोन-अडीच तासांत काय कळणार हो कंफर्टचं? लाकडी बाकावर बसूनसुद्धा माणूस इंटर्वलपर्यंत सिनेमा बघू शकतो. लांबच्या प्रवासाचा कंफर्ट चौथ्या तासाला कळायला लागतो, आणि खरा कळतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच सीटवर पुन्हा बसताना तोंडातून जो आवाज निघतो त्यावरून.

बरं, या जातीच्या गाड्या मुळात आल्या कुठून? बीएमडब्ल्यूची आर १०० आरएस १९७६ साली आली. पिनिनफारिनाच्या वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घडवलेलं तिचं पूर्ण फेअरिंग ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. ते फेअरिंग कशासाठी? तर जर्मनीच्या ऑटोबानवर तासन् तास मोठा वेग धरता यावा म्हणून. हा धागा सोडू नका, सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे.

स्पोर्ट टूररवर आपण किंचित पुढे वाकून बसतो. शोरूममध्ये हँडल धरलं की वाटतं, वा, काय रुबाब! पण ही बैठक ताशी १२० च्या आसपास आरामाची असते, कारण तेव्हा छातीवर येणारा वारा तुमचा भार अर्धामुर्धा उचलून धरतो. मनगटं मोकळी राहतात. आता वेग निम्मा करा. वेग निम्मा झाला की वाऱ्याचा रेटा निम्मा होत नाही, चौथाई होतो. उरलेला भार जातो मनगटांवर, तिथून खांद्यांवर आणि मानेवर. म्हणजे जी गाडी म्युनिकच्या बाहेर गादीसारखी वाटते तीच शिरवळच्या ट्रॅफिकमध्ये जोर काढायला लावते.

आणि आपल्याकडे १२० कुठे धरणार? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तिथेही बंदी. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलला ताशी ८० ची कमाल मर्यादा दिली होती. (बंदी बरोबर की चूक हा वेगळा वाद आहे, आज तो नको.) आपला लांबचा दिवस म्हणजे सरासरी पन्नास-पंचावन्न. त्यात गतिरोधक, उलट दिशेने येणारा ट्रॅक्टर, डायव्हर्जन आणि मे महिना. हजार सीसीचं इंजिन सिग्नलला मांड्या शेकत असतं ते निराळंच. पण कंपॅरिझन लिहिणारे निकष मात्र तिकडचे जसेच्या तसे उचलणार!

दुसरं खूळ मऊ सीटचं. अंगठ्याने दाबून बघतात, आंबा बघावा तसा. अरे बाबा, मऊ फोम तासाभरात दबून जातो आणि मग तुमची हाडं खालच्या प्लास्टिकवर टेकतात. लांब पल्ल्याला सीट रुंद, सपाट आणि जराशी कडकच लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बूड सरकवायला जागा पाहिजे. एकाच साच्यात चार तास बसवलं तर सिंहासनही टोचेल. व्हायब्रेशनचंही तसंच. प्रत्येक इंजिनाचा एक गुळगुळीत वेग असतो आणि एक मुंग्या आणणारा. तुम्ही ज्या वेगाने दिवसभर जाणार त्यात कोणता येतो, एवढंच बघायचं. किती सिलिंडर आहेत ते मोजत बसू नका.

आता मूळ दुखणं. या सगळ्या कंपॅरिझन्समध्ये मागच्या सीटवरचा माणूस कुठे आहे?

गेल्या वर्षी एका मित्राने त्याची नवी स्पोर्ट टूरर दोन दिवसांसाठी दिली. (कंपनीचं नाव सांगत नाही, मित्र टिकवायचाय.) मी आणि बायको पुण्याहून कोल्हापूरला निघालो, जेमतेम २३० किलोमीटर. खंबाटकीच्या घाटात मी मनातल्या मनात गाणी म्हणत होतो. मागे काय चाललं होतं ते मला नंतर समजलं. तिची सीट होती शाळेच्या वहीएवढी आणि माझ्यापेक्षा वीतभर उंच. म्हणजे पुढची काच माझ्यासाठी, वारा सगळा तिच्यासाठी. फूटरेस्ट इतके वर की गुडघे दुमडून उकिडवं बसल्यासारखं. धरायला नीट कडी नाही. मी ब्रेक दाबला की ती घसरून माझ्यावर, आणि दोघांचा भार माझ्या मनगटांवर. प्रत्येक गतिरोधकाला मागचं सस्पेन्शन तळाला टेकत होतं, कारण स्प्रिंग एकट्या माणसासाठी लावलेली होती आणि ती दोघांसाठी आवळायची असते हे मला, पंचवीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला, सुचलं नाही!

साताऱ्याला चहा प्यायलो तेव्हा ती गप्प होती. कराडला उतरली, हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तू ये निवांत. मी एसटीने जाते." गंमत वाटली मला. पण ती खरंच स्टँडवर जाऊन कोल्हापूरच्या गाडीत बसली. मी कोल्हापुरात पोचलो तेव्हा मान आखडलेली होती, आणि ती ताजीतवानी, माझी वाट बघत उसाचा रस पीत होती. त्यानंतर वर्षभर "चल, जाऊन येऊ" म्हटलं की एकच प्रश्न येतो, "कशावरून?"

हीच बाई २००३ सालच्या साध्या करिझ्मावर माझ्यामागे बसून बेळगावपर्यंत आली होती, आणि "किती राहिलं?" असं एकदाही विचारलं नव्हतं. २२३ सीसी. अखंड सीट, मागे धरायला दांडा, अर्धं फेअरिंग. आमचा वेग सत्तर-पंचाहत्तर. कंफर्टचे मार्क तेव्हा कोणी दिले नव्हते.

तिकडच्या टूरिंग गाड्या बनवणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही हं. यामाहाची एफजेआर १३००, होंडाची एसटी १३००, बीएमडब्ल्यूची आर १२०० आरटी या गाड्या बघा. बटणाने वर-खाली होणारी काच, मागे ऐसपैस सीट, दोन्ही बाजूंना भक्कम कड्या. त्या दोन माणसांना घेऊन आल्प्स ओलांडण्यासाठीच बनवल्या होत्या. आपल्याकडे तर मोटार वाहन नियमांत मागच्या माणसासाठी हाताची पकड, फूटरेस्ट आणि अर्धं चाक झाकणारं साडी गार्ड असावं असं लिहूनच ठेवलंय. सरकारला मागची सीट दिसते, परीक्षकांना नाही. आता बोला!

"पण मामा, पॉवर असली की थकवा कमी येतो," भाचा म्हणाला. खरं आहे, मान्य. दोघं, वर सामान आणि चढावर पुढे उसाचा ट्रक, अशा वेळी मनगटाच्या एका पिळात पुढे जाता आलं की जीव शांत राहतो. दोनशे सीसीला तिथे घाम फुटतो. पण त्यासाठी चार सिलिंडरची महागडी गाडी लागत नाही.

त्याच्या दोन गाड्यांपैकीच निवडायची तर मी डोळे मिटून व्हर्सिस म्हणेन. ताठ बैठक, रुंद हँडल, २१ लिटरची टाकी. निंजाच्या टाकीत १९ मावतं, त्या फरकासाठी कोणी भांडू नये. दोन्हींना मागची स्प्रिंग आवळायला हाताने फिरवायची घुंडी आहे. ती फिरवून डबलसीट चालवलेला एक तरी परीक्षक मला दाखवा. आणि त्याआधी दोघांनी मिळून इंटरसेप्टर ६५० वर बसून यावं. पुढे काच नाही, पण ऐंशीला तिची गरजही फारशी नाही. जोडसिलिंडर इंजिन आहे आणि लांब सपाट सीटवर दोघांनाही सरकायला जागा आहे. अगदीच पैसे वाचवायचे तर डॉमिनार ४००. तिला २०२१ पासून कंपनीच उंच काच, मागे टेकायला पाठ आणि कॅरिअर लावून देते. मिरवायला कमी पडेल, पण हंपीत मिरवणार कोणापुढे?

हे सगळं सांगून त्याला शेवटी विचारलं, "सूनबाई बसली का यातल्या एकीवर तरी?"

"नाही, ती म्हणते तुला आवडेल ती घे."

"मग रविवारी तिला घेऊन जा. मागे बसव, आणि निदान शिरवळपर्यंत जाऊन या."

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. शोरूमवाले म्हणतात टेस्ट राइड चार किलोमीटरचीच मिळेल, आणि मागे कोणाला बसवायचं नाही.