‘फक्त २ शिल्लक’ वाचून घाई का होते?

ॲपवर ‘फक्त २ शिल्लक’ दिसलं की बोट आपोआप ‘खरेदी करा’कडे जातं. मिळवण्याच्या आनंदापेक्षा हातचं निसटण्याची भीती मोठी, हे विक्रेत्यांना पक्कं ठाऊक असतं. साठा खरंच संपत आला असेल तर ही माहिती झाली. गोदाम भरलेलं असेल तर फसवणूक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ क्लृप्त्यांना, म्हणजे ‘डार्क पॅटर्न’ना, मनाई केली. न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणंही त्यातलंच. पण गोदामात डोकावणार कोण? जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांनाच ३ महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं. म्हणजे पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकच! शंका आली तर स्क्रीनशॉट काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करा.