मांडवीचे डॉक्टर

मुंबईच्या वैभवाची गाथा गाताना आपण गोद्यांची, गिरण्यांची आणि शेठसावकारांच्या दातृत्वाची आठवण काढतो, आणि ते योग्यही आहे. परंतु या शहराच्या आयुष्यात एक क्षण असा आला होता की, त्या वेळी ना दातृत्व उपयोगी पडणार होते, ना वैभव. त्या वेळी गरज होती ती अप्रिय सत्य उच्चारणाऱ्या एका माणसाची. तो माणूस मांडवीच्या एका दवाखान्यात रोगी तपासीत बसला होता. डॉ. अकासियो व्हिएगस हे त्याचे नाव. आजच्या किती मुंबईकरांस ते ठाऊक असेल, याची आम्हांस शंका वाटते.

डॉ. व्हिएगस मूळचे गोव्याचे. १८५६ साली बार्देशातील हडफडे येथे त्यांचा जन्म झाला. विद्येसाठी ते मुंबईस आले आणि १८८० साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण झाले. मांडवी ही बंदरालगतची, धान्याच्या वखारींची आणि दाटीवाटीच्या चाळींची वस्ती. तेथील रोग्यांस ते घरोघर जाऊन तपासीत. १८८८ साली लोकांनी त्यांस म्युनिसिपालिटीत निवडून दिले.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत तापाचे काही विलक्षण रोगी त्यांच्या पाहण्यात आले. भयंकर ताप, जांघेत वा काखेत गाठ आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. ही लक्षणे ओळखण्यास विद्वत्ता लागत होती. परंतु ओळखलेले उघडपणे बोलून दाखविण्यास त्याहून मोठे काही लागत होते. मुंबई हे व्यापाराचे बंदर. प्लेगची आवई उठली की परदेशी बंदरे आपल्या जहाजांस अटकाव करणार, हे व्यापाऱ्यांस आणि सरकारासही पक्के ठाऊक होते. त्यामुळे हा कसला तरी संशयास्पद ताप आहे, असे म्हणून वेळ मारून नेणे सर्वांच्याच सोयीचे होते. डॉ. व्हिएगस यांनी ती सोय पाहिली नाही. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी म्युनिसिपालिटीपुढे स्पष्टपणे सांगितले, आणि पुढे तज्ज्ञांच्या तपासणीत ते खरे ठरले.

निदान केले म्हणजे कर्तव्य संपले, असे मात्र त्यांनी मानले नाही. लाखो लोक शहर सोडून पळाले, तेव्हा ते आपल्या लोकांतच राहिले. वस्त्यांच्या सफाईसाठी आणि उंदरांच्या नाशासाठी त्यांनी खटपट केली. प्लेगचा जंतू १८९४ सालीच हाँगकाँगला सापडला होता. परंतु तो उंदरावरील पिसवांवाटे माणसाकडे येतो, हे सिमाँ यांनी दाखवून दिले ते १८९८ साली. म्हणजे ज्ञान अपुरे असताना हे काम चालले होते. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ती लस डॉ. व्हिएगस यांनी पुढे असंख्य मुंबईकरांस स्वहस्ते टोचली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच काळात सरकारनेही प्लेगशी झगडा मांडला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा अमलात आला, घरांच्या झडत्या झाल्या, रोग्यांस बळाने इस्पितळांत नेण्यात आले. लोकांचा विश्वास इतका उडाला होता की, त्याआधीच, १८९६ च्या ऑक्टोबरात, गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर चाल केली होती. पुण्यात तर या जुलमाचा शेवट रक्तपातात झाला. रोग एकच, शास्त्रही एकच. परंतु जे शिपायाच्या दंडुक्यास साधले नाही, ते वस्तीतल्या ओळखीच्या डॉक्टरास साधले. परक्याने सांगितलेले सत्य लोकांस संकटासारखे वाटते. घरच्या माणसाने सांगितले की तेच आधार होते.

१८९७ चा तोच कायदा २०२० साली कोविडच्या साथीत पुन्हा हाती घेण्यात आला. त्याही वेळी गल्लीबोळांतील अनेक डॉक्टरांनी दवाखाने उघडे ठेवले, आणि त्यांपैकी काहींस प्राणांस मुकावे लागले. साथ ओसरली, आणि टाळ्या वाजविणारे आपण त्यांस विसरलो. आज शहरात भव्य रुग्णालये उभी राहत आहेत. परंतु तीन पिढ्यांची नाडी जाणणारा, फी मागण्यापूर्वी घरची परिस्थिती ओळखणारा कुटुंबाचा डॉक्टर दुर्मिळ होत चालला आहे. ही केवळ हळहळण्याची गोष्ट नव्हे. पुढली साथ जेव्हा येईल, तेव्हा तिचा पहिला रोगी एखाद्या पंचतारांकित रुग्णालयातच सापडेल असे नाही. तो बहुधा एखाद्या वस्तीतल्या दवाखान्यात येईल. तेथे त्यास ओळखणारा कोणी असेल काय, आणि असल्यास त्याचे म्हणणे ऐकून घेणारा कोणी पालिकेत असेल काय, हा खरा प्रश्न आहे.

१९०६ साली डॉ. व्हिएगस म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले, १९३३ साली त्यांचे निधन झाले आणि १९३६ साली कृतज्ञ मुंबईने धोबीतलावावर त्यांचा पुतळा उभारला. पुतळ्यास हार घालणे सोपे आहे. पालिकेच्या दवाखान्यांतील रिकाम्या जागा भरणे, तरुण डॉक्टरांस वस्तीत टिकून राहता येईल अशी व्यवस्था करणे आणि अप्रिय निदान सांगणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे, हे कठीण आहे. आमच्या मते त्यांचे खरे स्मारक हेच होय, आणि ते अद्याप उभे राहावयाचे आहे.