येणाऱ्या फोनचे भाडे

शब्दाला अर्थ असतो आणि तो पाळावयाचा असतो, अशी आपली समजूत आहे. निदान आपल्यासारख्या वाङ्मयीन मंडळाची तरी ती असावयास हवी. म्हणून मोबाईल कंपन्यांविषयीची आमची तक्रार आम्ही पैशांपासून नव्हे, एका शब्दापासून मांडतो. तो शब्द ‘लाइफटाइम’. २००५ सालाच्या अखेरीस एअरटेलने ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ प्रीपेड जोडणी बाजारात आणली आणि इतर कंपन्याही त्याच वाटेने आल्या. बारीक अक्षरांतल्या अटी होत्याच. परंतु भिंतीवर, फलकावर आणि दुकानदाराच्या तोंडी जो शब्द होता तो ‘आजीवन’ हाच. भालकी-औरादपासून आळंद-अफझलपूरपर्यंत पुष्कळ घरांत पहिला मोबाईल आला तो या शब्दावर विसंबून. फोन करावयाचा तेव्हा पैसे पडतील, पण येणारा फोन येतच राहील. १ मे २००३ पासून देशात येणारे फोन निःशुल्क झाले होते, त्यामुळे हा भरवसा कोणाला भाबडेपणाचा वाटला नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये हे ‘आजीवन’ संपले. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया या कंपन्यांनी ग्राहकांना संदेश धाडले की, दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज न केल्यास आधी जाणारे आणि मग येणारे फोन बंद होतील. खात्यात शंभर-दीडशे रुपये शिल्लक असलेल्यांनाही हाच संदेश गेला. ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, तेव्हा मध्ये पडावे लागले. शिल्लक असलेल्या ग्राहकाची सेवा तोडू नका, असे त्याने कंपन्यांना बजावले. त्या बजावण्याने कंपन्यांना थोडा श्वास रोखून धरावा लागला, इतकेच. पायंडा मात्र पडला. येणाऱ्या फोनलाही भाडे असते, ही गोष्ट आपण त्या वर्षी मान्य करून बसलो, आणि पुढचे सारे त्यातूनच आले.

पुढचे म्हणजे काय? एअरटेलचाच हिशेब घेऊ, कारण तो जाहीर आहे. जुलै २०२१ मध्ये ४९ रुपयांची सर्वांत स्वस्त योजना काढून घेतली गेली आणि तिच्या जागी ७९ रुपयांची आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ७९ चे ९९ झाले. ९९ रुपयांत तेवढाच टॉकटाइम आणि २०० एमबी डेटा मिळे. म्हणजे जेवढे बोलाल तेवढे कापले जाई. नोव्हेंबर २०२२ मध्ये हरियाणा आणि ओडिशा येथे ही योजनाही गुंडाळण्यात आली आणि जानेवारी २०२३ मध्ये आपल्या कर्नाटक सर्कलचा क्रमांक लागला. आता किमान १५५ रुपये, मुदत २४ दिवस, बोलणे अमर्याद, वर १ जीबी डेटा. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया या तिघांनी एका आठवड्याच्या आत दर वाढविले. एअरटेलची २८ दिवसांची १७९ रुपयांची योजना १९९ वर गेली, जिओची १५५ ची १८९ वर. सहा वर्षांपूर्वी ३५ रुपयांत जो दरवाजा उघडा राहात असे, तो उघडा ठेवण्यास आता त्याच्या साडेपाच पट पैसे लागू लागले.

दर वाढला याबद्दल आमचे भांडण नाही. दुधाचा वाढतो, एसटीच्या तिकिटाचा वाढतो. आमचे भांडण आहे ते स्वस्त योजना महाग करण्याशी नव्हे, तर ती नाहीशी करण्याशी. ९९ रुपयांची योजना वापराप्रमाणे पैसे घेणारी होती; तिच्या जागी जी आली ती वापर असो वा नसो, पूर्ण ताट वाढणारी. खानावळीत जाऊन चहा मागावा आणि ‘चहा थाळीबरोबरच मिळेल’ असे उत्तर यावे, तशातला हा प्रकार. थाळी मोठी आहे, चपात्या हव्या तेवढ्या आहेत, हे खरे. परंतु ज्याला चहाच हवा होता त्याच्यापुढे ‘अमर्याद’ या शब्दाची मातब्बरी सांगून काय उपयोग?

आणि चहाच हवा असणारे आपल्या भागात थोडे नाहीत. मुले पुण्याला, हैदराबादेस किंवा त्याहून दूर. वाड्यात सत्तरी ओलांडलेले दोघे. हातात बटणांचा फोन. दिवसातून दोन फोन येतात, एखादा जातो. अधूनमधून बँकेचा संदेश येतो: पेन्शन जमा झाली, गॅसचे पैसे जमा झाले. शेजारच्या गल्लीतल्या कष्टकरी बाईच्या फोनवर गृहलक्ष्मीचे २,००० रुपये आल्याचा संदेश येतो, म्हणजे येईल त्या महिन्यात येतो. त्यातला दहावा हिस्सा तो संदेश स्वीकारण्याची पात्रता टिकविण्यातच जातो. यांतल्या कोणाला महिन्याला २ जीबी डेटाची गरज आहे? बटणांच्या फोनात तो डेटा ठेवायचा कोठे?

‘महिना’ हा आणखी एक शब्द. २८ दिवसांचा महिना पंचांगात नाही. फेब्रुवारीलासुद्धा चार वर्षांतून एकदा लाज वाटते. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात १३ रिचार्ज होतात. आपले पंचांग साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना धरते. कंपनीला तो दरवर्षी लागतो, आणि दानधर्म मात्र आपणच करायचा. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने आदेश काढून प्रत्येक कंपनीला ३० दिवसांची किमान एक योजना आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नवी करता येईल अशी किमान एक योजना ठेवणे भाग पाडले. त्या आल्याही. पण फलकावर आणि दुकानदाराच्या तोंडी २८ चाच आकडा राहिला.

सीमेवरच्या माणसाला हे सारे दुप्पट भोगावे लागते आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निजामी राज्याचे तुकडे वाटले गेले तेव्हा बीदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले; उदगीर, निलंगा, उमरगा पलीकडे राहिले. लेकी दिलेल्या तिकडे, सुना आणलेल्या तिकडच्या, जमिनीचा एखादा तुकडा तिकडे, डॉक्टर लातूरला किंवा सोलापूरला. मोबाईल आला तेव्हा दूरसंचार खात्याने हीच रेषा ‘सर्कल’ म्हणून पुन्हा ओढली. कमलनगरहून उदगीरला गेले की फोन परदेशी गेल्यासारखा वागे. १ जुलै २०१३ पूर्वी रोमिंगमध्ये आलेल्या फोनला मिनिटामागे पावणेदोन रुपयांपर्यंत आकार घेण्याची मुभा होती. त्या दिवसापासून ती मर्यादा ७५ पैशांवर आली. सीमेलगतच्या शेतात तर आपल्याच बांधावर उभे असताना पलीकडचा टॉवर पकडला जाई आणि शिल्लक वितळे. म्हणून आपल्या घरांनी दोन सिमकार्डांची सोय केली: एक कर्नाटकाचे, एक महाराष्ट्राचे. ती चैन नव्हती, काटकसर होती.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ रोमिंगविना आली आणि एप्रिल २०१७ पासून एअरटेलनेही देशांतर्गत रोमिंगचा आकार उठविला. दोन सिमांचे मूळ कारण सरले. पण तोवर लातूरच्या बँकेत एक नंबर नोंदलेला, बीदरच्या बँकेत दुसरा. आधारला एक, विम्याला दुसरा. ३ जुलै २०१५ पासून नंबर तोच ठेवून सर्कल बदलता येते, हे खरे. परंतु दोन नंबरांचा एक नंबर कोणी करून देत नाही. मग दोन्ही जिवंत ठेवायचे. १९९ रुपये, वर्षाला १३ वेळा, दोन सिमे: ५,१७४ रुपये. नवरा-बायकोचे मिळून चार सिम असतील तर तो आकडा दुप्पट करा. यातले एक सिम केवळ संदेश घेण्यापुरते आहे, तरी भाडे तेवढेच. प्रीपेड नंबर ९० दिवस काहीच वापर नसल्याखेरीज बंद करू नये असा नियम २०१३ पासून आहे, पण योजनेची मुदत संपल्यावर येणारे फोन थांबतातच. नंबर मेलेला नसतो, फक्त बोलत नाही आणि ऐकतही नाही.

येथे आपल्याच बैठकांतून ऐकू येणारा एक युक्तिवाद विचारात घेणे प्राप्त आहे. ‘दोनशे रुपयांत काय एवढे? भारतात डेटा जगातल्या स्वस्त देशांप्रमाणे मिळतो; कंपन्यांनी ५-जीच्या लहरींसाठी २०२२ च्या लिलावात दीड लाख कोटींची बोली लावली; पैसा कोठून यावा?’ युक्तिवाद खोटा नाही, अर्धा आहे. कंपन्यांचे ध्येयही उघड आहे: एका ग्राहकामागे महिन्याला सरासरी ३०० रुपयांहून अधिक उत्पन्न मिळाले पाहिजे, असे भारती एअरटेलने जून २०२४ मध्ये दर वाढविताना पुन्हा सांगितले. आता सरासरी वाढविण्याचे दोन मार्ग असतात. जो अधिक वापरतो त्याच्याकडून अधिक घ्यावे, हा एक. जो जवळजवळ काहीच वापरत नाही त्याच्या पायाखालची सर्वांत खालची पायरी काढून घ्यावी, हा दुसरा. आणि तो सोपा, कारण तो माणूस आरडाओरड करीत नाही. डेटा स्वस्त आहे हे डेटा न वापरणाऱ्यास सांगणे म्हणजे उपवास करणाऱ्यास जिलबीचा भाव उतरल्याचे कळविणे.

शिवाय न आवडल्यास दुसरीकडे जा, हे सांगण्याजोगी ‘दुसरीकडे’ आता उरलेली नाही. कर्नाटकात एके काळी स्पाइस होती, ती २००८ मध्ये आयडियात गेली. आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोनमध्ये मिसळली. एअरसेल बुडाली, रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाईल सेवा आवरली, टाटांचे ग्राहक एअरटेलकडे गेले. खासगीत उरल्या तीन, आणि तिघींचे दर एकाच आठवड्यात वाढतात. राहिली बीएसएनएल. जुलै २०२४ मध्ये तिने दर वाढविले नाहीत आणि त्या एका महिन्यात तिचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले, हे लोकांच्या मनात काय होते त्याचे पुरेसे उत्तर आहे. तिच्या स्वदेशी ४-जीचे उद्घाटन व्हायला मात्र २७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. सरकारनेच आपल्या कंपनीला दहा वर्षे मागे ठेवायचे आणि मग बाजारात स्पर्धा आहे म्हणायचे, हा विनोद आम्हाला कळत नाही.

ट्रायने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २६ जुलै २०२४ रोजी त्याने सल्लामसलतीचा मसुदा काढला, लोकांची मते मागविली आणि २३ डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने प्रत्येक कंपनीला फक्त बोलणे आणि संदेश यांसाठी डेटाविना किमान एक व्हाउचर ठेवणे बंधनकारक केले. अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. हेतू स्वच्छ होता. अंमल कसा झाला तो पाहा. जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने डेटा काढून ८४ दिवसांचे व्हाउचर आणले ४९९ रुपयांना. सहा जीबी डेटासह तेच ५०९ ला मिळत होते. म्हणजे सहा जीबी डेटाची किंमत दहा रुपये! ट्राय तपासणार म्हटल्यावर ते ४६९ वर आले. जिओचे ४५८ चे ४४८ झाले. पण महत्त्वाची गोम पुढेच आहे. ट्रायने कमाल मुदत सांगितली, किमान मुदतीची योजना सांगितली नाही. त्यामुळे या दोन्ही कंपन्यांनी डेटाविना स्वस्ताई दिली ती ८४ दिवसांचे किंवा जवळजवळ वर्षभराचे पैसे एकदम भरणाऱ्याला. ज्याच्या हाती आठवड्याची मजुरी येते त्याने साडेचारशे रुपये एका दिवशी कोठून आणावे? तो पुन्हा १९९ कडेच जातो, न वापरलेल्या डेटासह. सवलत गरिबासाठी होती आणि मिळाली ती आगाऊ रक्कम भरू शकणाऱ्यास.

म्हणून मागणी एकच आणि नेमकी असावी: प्रत्येक कंपनीने बोलणे आणि संदेश यांपुरते ३० दिवसांचे व्हाउचर ठेवावे आणि त्याचा दर ८४ दिवसांच्या व्हाउचरच्या प्रमाणाहून अधिक नसावा. ४६९ च्या हिशेबाने तो १६८ रुपयांच्या आसपास येतो. त्याहून खाली, केवळ येणारे फोन आणि संदेश यांसाठीचे एखादे नाममात्र व्हाउचर असावे, हे आमचे मत. ज्या नंबरावाचून सरकार पेन्शन देत नाही आणि बँक दार उघडत नाही, तो जिवंत ठेवण्याचे भाडे कंपनीच्या मर्जीवर सोडता येणार नाही.

ओरडून काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या आपल्या मुलांना विचारावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील टी-मोबाइलने जुन्या योजनांवरच्या ग्राहकांना आपणहून महाग योजनांत सरकविण्याचा बेत केला होता. ज्याला नको असेल त्याने फोन करून तसे कळवावे, अशी मखलाशी होती. गवगवा झाला आणि महिना संपण्यापूर्वी बेत मागे घेतला गेला. आपल्याकडे ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार ऐकत नाही. ती आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, मग कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे न्यावी लागते. परंतु १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोबाईल कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते हे निःसंदिग्ध केले आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. कन्नड आपल्याला येते, अर्ज लिहिण्याची कला आपल्या घराण्यांत चार पिढ्यांची आहे, आणि मंडळाच्या सभासदांत निवृत्त वकील व शिक्षक आहेतच. ट्रायचा पुढचा मसुदा निघेल तेव्हा बीदर आणि कलबुर्गीहून शंभर पत्रे जाण्यास कसलीच अडचण नाही.

तोवर ज्यांना जमेल त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर डेटाविना व्हाउचर आहे की नाही ते पाहावे. दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही, नाव घेऊन मागावे लागते. कंपनी बदलायची असेल तर १९०० या क्रमांकावर ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत, एक जागा सोडून आपला नंबर, असा संदेश जातो. काही कंपन्यांच्या स्वस्त योजनांत संदेश पाठविण्याची सोयच ठेवलेली नसे आणि त्यामुळे ग्राहकाला निघून जाण्याचीही वाट बंद होई; ७ डिसेंबर २०२१ रोजी ट्रायने निर्देश दिला की, योजना कितीही रुपयांची असो, १९०० वरचा हा संदेश गेलाच पाहिजे. तो जात नसेल तर तीच तक्रारीची पहिली ओळ.