देवदार : एक नाव, अनेक झाडे आणि श्रीगोंद्याच्या वाड्यांचे लाकूड

#थ्रेड

१/
श्रीगोंद्याचे नाव निघाले की इतिहासप्रेमी तीन गोष्टी हमखास सांगतात : संत शेख महंमद, शिंद्यांचे वाडे आणि तालुक्यातील पेडगावचा बहादूरगड. तिन्हींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. वाड्यांच्या लाकडाविषयी मात्र क्वचितच कुणी दोन वाक्ये लिहितो. लिहिलेच, तर ‘सागवानी’, ‘शिसवी’, ‘देवदारी’ यांपैकी कानाला जे भारदस्त वाटेल ते विशेषण लावतो आणि पुढे जातो. हा थ्रेड त्या विशेषणाविरुद्ध आहे.

२/
मुद्दा थोडक्यात असा. लाकूड हा नाण्याइतका आणि शिलालेखाइतकाच पुरावा आहे. परंतु तो नावावरून वाचता येत नाही, तंतूंवरून वाचावा लागतो. नावावर विसंबल्याने काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे देवदार.

३/
आधी खरे झाड. देवदार हा पश्चिम हिमालयाचा सदाहरित सूचिपर्णी वृक्ष. अफगाणिस्तानपासून काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड ते पश्चिम नेपाळपर्यंत, साधारण १५०० ते ३२०० मीटर उंचीवर तो वाढतो. उंची ५० मीटरपर्यंत जाऊ शकते. पाने सुईसारखी, आखूड फांद्यांवर त्यांचे झुबके असतात. शंकू पिंपाच्या आकाराचे, फांदीवर उभे राहणारे. पिकल्यावर ते अखंड गळत नाहीत, झाडावरच सुटे होऊन विखुरतात. त्याला फूल येत नाही, फळही नाही. बी शंकूच्या खवल्यांवर उघडेच असते.

४/
या वृक्षाची कीर्ती त्याच्या सुगंधी तेलात आहे. तेलामुळे गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही आणि ओलाव्यातही ते दीर्घकाळ टिकते. म्हणून काश्मीरमध्ये झेलमवरील जुने पूल देवदाराच्या ओंडक्यांचे होते. श्रीनगरच्या जामा मशिदीत साडेतीनशेहून अधिक देवदारी खांब आहेत. मनालीचे हिडिंबा मंदिर १५५३ मधले. त्याच्या बांधणीतही देवदारच मुख्य. हिमाचलच्या ‘काठकुणी’ पद्धतीत दगडाचा एक थर आणि देवदाराचा एक थर अशी भिंत रचतात, आणि ती भूकंपाचे हादरे सोसते.

५/
आता नाव. ‘देव’ अधिक ‘दारू’, म्हणजे देवाचे लाकूड. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त दुसऱ्या सर्गात शंकराने पुत्रवत मानलेला एक देवदार आहे, हत्तीने अंग घासून त्याची साल सोलली, म्हणून त्याच्या रक्षणासाठी सिंह नेमलेला आहे. ‘कुमारसंभवा’त शिव देवदाराखालील वेदीवर ध्यानस्थ बसतो. कालिदासाची ही दृश्ये हिमालयातील आहेत, त्यामुळे तिथला देवदार कोणता याविषयी शंका राहत नाही. अडचण पुढे सुरू होते.

६/
कारण हे नाव हिमालयातून खाली उतरले आणि झाड वरच राहिले. बंगालमध्ये ‘देबदारू’ म्हणजे शाळा-कचेऱ्यांच्या आवारात उंच, सरळ वाढणारे ते झाड, ज्याला महाराष्ट्रात लोक ‘अशोक’ म्हणतात (खरा सीताअशोक तो नव्हेच!). तमिळ, कन्नड प्रदेशांत ‘देवदारू’ किंवा ‘देवदारम्’ हे नाव कोरड्या रानातील एका लहानशा सुगंधी झाडाला आहे; त्याचे लाकूड चंदनाऐवजी खपवले जाई. ही दोन्ही झाडे सपुष्प आहेत. सूचिपर्णी वृक्षांशी त्यांचे काडीचेही नाते नाही.

७/
मराठीत तर आणखी गंमत. जुन्या पिढीतील कुणालाही ‘देवदार’ म्हटल्यावर शंकराचे ध्यान आठवत नाही, खोके आठवते. चहाचे, साबणाचे, फळांचे, सामानाचे खोके. पिवळट, हलक्या, खिळा सहज जाणाऱ्या फळ्या म्हणजे ‘देवदार’. त्या फळ्या प्रत्यक्षात चीड, फर किंवा परदेशी पाईन अशा स्वस्त मऊ लाकडाच्या असत. देवाच्या लाकडाचे नाव बाजाराने सर्वांत हलक्या लाकडाला दिले.

८/
हा अपवाद नाही. कोकणच्या किनाऱ्यावरील ‘सुरू’ पाहा. फारसी ‘सर्व’ म्हणजे सायप्रस, मोगल उद्यानांतील सडपातळ सूचिपर्णी वृक्ष. मराठीत ते नाव चिकटले ऑस्ट्रेलिया-आग्नेय आशियाकडील कॅज्युरिनाला. त्याच्या ‘सुया’ या वस्तुतः पातळ हिरव्या डहाळ्या असतात. खरी पाने सांध्यांवरच्या बारीक खवल्यांएवढी. शंकूसारखे दिसते ते फळ. म्हणजे दख्खनच्या बागेच्या फारसी वर्णनात ‘सर्व’ आला आणि अनुवादकाने ‘सुरू’ लिहिले, की वाचकाच्या डोळ्यांसमोर थेट अलिबागचा किनारा उभा राहतो. एका शब्दाने अख्खी बाग बदलते.

९/
म्हणून पहिला नियम. साधनात ‘देवदार’ दिसला की विचारावे : साधन कोणत्या प्रदेशातले, कोणत्या भाषेतले, कोणत्या शतकातले? वस्तू कोणती : खांब, खोके, औषध की उपमा? या प्रश्नांची उत्तरे मिळण्याआधी ‘देवदार’ या शब्दाचे झाड ठरवणे म्हणजे सनावळी न पाहता पत्राची तारीख ठरवणे.

१०/
आता श्रीगोंदा. गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, पर्जन्यछायेत, भीमा आणि घोडच्या प्रदेशात. देवदाराला लागणारी थंडी इथे नाही, उंचीही नाही. संपूर्ण दक्षिण द्वीपकल्पात नैसर्गिकरीत्या वाढणारा सूचिपर्णी वृक्ष एकच, आणि तोही दक्षिणेकडच्या पश्चिम घाटात. महाराष्ट्राच्या रानात एकही नाही. शाळेच्या आवारातील मोरपंखी, जिचे पान ‘विद्या’ म्हणून मुले वहीत ठेवतात, ती सूचिपर्णीच. पण मुळात पूर्व आशियातली, इथे लावलेली.

११/
वाहतुकीचाही विचार करावा. लोहमार्गापूर्वी जड ओंडका दूर नेण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे नदी. देवदार झेलम, चिनाब, सतलज, यमुना, गंगा यांच्या प्रवाहांतून मैदानात उतरे. एकोणिसाव्या शतकात हर्सिलच्या फ्रेडरिक विल्सनने भागीरथीतून ओंडके सोडून रेल्वेच्या स्लीपरांवर संपत्ती उभी केली, तीही याच मार्गाने. यांतली एकही नदी भीमेला मिळत नाही. उलट दख्खनला सह्याद्रीचा सागवान जवळ होता. त्यालाही स्वतःचे तेल आहे, वाळवीला तोही तितकाच दाद देत नाही.

१२/
इथे एक आक्षेप ठरलेला असतो : ‘महादजी शिंदे १७८४ मध्ये बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले, दिल्ली-आग्रा त्यांच्या हाती, त्यांना देवदार आणणे काय अवघड होते?’ अवघड नव्हते, हे मान्य. पण ‘आणता आले असते’ आणि ‘आणले’ यांमध्येच इतिहास नावाची शिस्त उभी आहे. सत्ता हा वाहतुकीचा पुरावा नव्हे. जमाखर्चाची नोंद दाखवावी किंवा खांबाचा तुकडा दाखवावा. दोन्ही नसतील तर गप्प राहणे हाच महादजींचा खरा आदर.

१३/
आणि महादजींच्या गावाला मोठेपण देण्यासाठी हिमालयाचे लाकूड लागावेच कशाला? ‘देवदारी’ म्हटल्याने वाडा उंचावतो आणि ‘सागवानी’ म्हटल्याने खाली येतो, ही भावना इतिहासाची नाही, जाहिरातीची आहे. दख्खनच्या सुताराने दख्खनच्या लाकडात काय साधले, हा प्रश्न अधिक मोठा आहे आणि अधिक अभिमानाचाही.

१४/
तरीही खरा देवदार दख्खनमध्ये आलाच नाही, असे कुणी समजू नये. तो आला, पण खांब होऊन नव्हे, काष्ठौषधी होऊन. बाळंतिणीला देण्याचा ‘देवदार्व्यादि’ काढा आजही मराठी घरांत ओळखीचा आहे. त्यातला देवदार म्हणजे हिमालयातल्या लाकडाची ढलपी. वाड्याच्या दिवाणखान्यात शोधत बसलेला देवदार कदाचित माजघरातल्या काढ्याच्या भांड्यात होता. बायकांच्या औषधाची नोंद इतिहासात कमी आणि पुरुषांच्या खांबांची जास्त, हा दोष देवदाराचा नाही.

१५/
लाकूड बोलते कसे, याचे जुने उदाहरण हडप्पा. १९४६ च्या उत्खननात तेथे एका दफनात लाकडी शवपेटीच्या खुणा सापडल्या. झाकणाचे लाकूड देवदार असल्याचे ओळखले गेले. रावीकाठच्या सपाट मैदानात देवदार उगवत नाही. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी डोंगर आणि मैदान यांच्यात लाकडाची ने-आण होती. एक अक्षरही वाचता न येणाऱ्या संस्कृतीविषयी एवढे सांगितले ते कुजलेल्या फळीच्या अवशेषांनी.

१६/
श्रीगोंद्यात हे करण्यास प्रयोगशाळाच हवी असे नाही. तुळईचा आडवा छेद धारदार पात्याने स्वच्छ करून दहापट भिंगातून पाहावा. सागवानात वर्तुळाकार ओळीने मोठी छिद्रे दिसतात. कधी ती नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. सूचिपर्णी लाकडात अशी छिद्रे नसतातच. चिडाच्या लाकडात राळेच्या नलिका असतात. देवदारात त्या एरवी नसतात, इजा झाल्यावर मात्र रांगेने तयार होतात. जातीचा अंतिम निर्णय तज्ज्ञाचा. पण ‘हा खांब सूचिपर्णी नाही’ एवढे एखादा विद्यार्थीही पाच मिनिटांत सांगू शकतो.

१७/
आणि वलये! देवदाराची वार्षिक वलये स्पष्ट असतात, म्हणून हिमालयाच्या हवामानाचा कित्येक शतकांचा इतिहास त्यांतून वाचला जातो. हे काम करणाऱ्या संस्थांपैकी एक पुण्यातच आहे : भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था. तेथील संशोधकांनी देवदाराबरोबर द्वीपकल्पातील सागवानाच्या वलयांचाही अभ्यास केला आहे. सागवान हा उष्ण प्रदेशातील अशा मोजक्या वृक्षांपैकी एक, ज्याची वलये विश्वासाने मोजता येतात.

१८/
इथेही अतिरेक नको. पश्चिम हिमालयातील देवदाराची वलये प्रामुख्याने हिवाळा-वसंतातील ओलावा सांगतात, दख्खनचा मोसमी पाऊस नव्हे. त्यांवरून १६३०-३२ चा दख्खनचा दुष्काळ ‘सिद्ध’ करता येणार नाही. दख्खनच्या पावसाचा साक्षीदार दख्खनच्या जवळचा सागवानच. आणि तो साक्षीदार कुठे आहे? जुन्या वाड्यांच्या तुळयांत.

१९/
म्हणजे नेमका तिथे, जिथून तो रोज नाहीसा होतो आहे. पेडगावची यादवकालीन मंदिरे दगडाची, म्हणून त्यांचे अवशेष तरी उभे आहेत आणि त्यांच्यावर लेख लिहिले जातात. लाकडी घर पडले की त्याचे काहीच उरत नाही. महाराष्ट्रात गावोगाव वाडे उतरवले जातात. खांब, तुळया, महिरपी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे घनफुटावर जातात. त्यांचे पुढे सोफे होतात, हॉटेलचे दरवाजे होतात. खांब कोणत्या गावचा, कोणत्या खणातला, हे त्याच दिवशी कायमचे पुसले जाते.

२०/
याचा दोष वाड्याच्या मालकाला देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. गळकी माळवदे, दहा वाटेकरी, दुरुस्तीचा न परवडणारा खर्च. घर त्याने विकावे की नाही हे दुरून सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी केलेली वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते, हे मालकाला कुणी सांगितलेले असते काय? आणि गडावर मोहिमा काढणाऱ्या तरुणांपैकी किती जण गावातला वाडा उतरताना तिथे वही घेऊन उभे असतात?

२१/
मागणी फार मोठी नाही. वाडा उतरण्याआधी प्रत्येक खांबाला क्रमांक, जागेचे छायाचित्र, लांबी-रुंदीची मापे. सुताराच्या खुणा व जोडांची रेखाटने. टाकून दिल्या जाणाऱ्या तुळईच्या टोकाची एक चकती, मालकाच्या परवानगीने, गावाच्या नावासह जपलेली. एवढ्याने वाडा वाचत नाही. पण त्याची साक्ष वाचते, आणि उद्या ती वाचू शकणाऱ्याला काहीतरी हाती लागते.

२२/
ज्याला श्रीगोंद्याच्या वाड्याचा खांब देवदाराचा म्हणायचा असेल, त्याने खुशाल म्हणावे; फक्त भिंग हातात घेऊन म्हणावे. छिद्रे दिसली नाहीत आणि खांब खरोखर सूचिपर्णी निघाला, तर तो हिमालय ते भीमा या वाहतुकीचा अपूर्व पुरावा ठरेल आणि हा थ्रेड लिहिणारी बाजू आनंदाने हरेल. पण त्यासाठी खांब जागेवर हवा. सोफ्याला गावाचे नाव नसते.

(समाप्त)